शिंदीचे दैव

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई, माहुली, कऱ्हाड अशी तीर्थे करीत सांगलीस पोहोचते, तोवर तिच्या दोन्ही काठांवरील मुलखाचा रंग अनेकदा पालटलेला असतो. उगमापाशी वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. सांगलीच्या आसपास तो पंचवीस इंचांपर्यंत उतरतो. आणि माण, खटाव, आटपाडी, जत अशा पूर्वेकडील तालुक्यांत तर वीस इंचांचीही शाश्वती नसते. पावसाबरोबर वृक्षही बदलतात. घाटमाथ्यावरील हिरडा व जांभूळ मागे पडतात, नदीकाठच्या मळ्यांतील आंबा व चिंच विरळ होत जातात, आणि शेवटी बाभूळ व बोर यांचे राज्य सुरू होते. या उघड्या माळावर एखाद्या ओढ्याच्या वळणाशी निळसर-करड्या झावळ्यांचा एक झुबका वाऱ्यावर हलताना दिसला, की वाटसरूने समजावे, येथे पाणी फार खोल नाही. तो झुबका शिंदीचा.

या शिंदीचे दैव मोठे चमत्कारिक आहे. ज्या झाडाखाली बसणेही एके काळी अब्रूला बट्टा लावणारे मानीत, ज्यावर सरकारने कर बसविला आणि ज्यावर देशभक्तांनी कुऱ्हाड चालविली, तेच झाड आज शहरांतील नव्या वसाहतींच्या प्रवेशद्वारी, हॉटेलांच्या अंगणात आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर मोठ्या मानाने उभे आहे. रोपवाटिकांत त्याला नावही नवे मिळाले आहे. शिंदी म्हटले तर गिऱ्हाईक नाक मुरडते. 'सिल्व्हेस्टर पाम' म्हटले की किंमत चढते. एका झाडाच्या नशिबात एवढी उलथापालथ कशी झाली, हे पाहू गेल्यास सातारा-सांगलीकडील दीडशे वर्षांच्या सामाजिक इतिहासाचा एक दुर्लक्षित कोपरा उजेडात येतो.

प्रथम नावाचा विचार करावा. संस्कृतात याला खर्जूरी म्हणतात. अमरकोशकाराने ताड, नारळ, पोफळ, केतकी यांच्याबरोबर तिची गणना 'तृणद्रुम' या वर्गात केली आहे. तृणद्रुम म्हणजे गवताच्या जातीचे झाड. आधुनिक वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही ही कल्पना मार्मिक ठरते. कारण गवत आणि शिंदी ही दोन्ही एकदल वनस्पतींतच मोडतात. आंबा किंवा वड यांचे खोड वर्षानुवर्षे नव्या थरांनी जाड होत जाते आणि त्यांवरील जखम हळूहळू भरून येते. शिंदीच्या खोडास असे थर चढत नाहीत. तिच्या अंगावर एकदा घाव पडला की त्याची खूण जन्मभर राहते. शिवाय तिचा सारा जीव माथ्यावरील एकुलत्या एका कोंबात असतो. तो कोंब गेला की झाड गेले. बुंध्यापासून पुन्हा फुटणे तिला ठाऊक नाही. शरीररचनेतील या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्यास तिचा पुढील इतिहास अधिक स्पष्ट होतो.

युरोपास या झाडाची शास्त्रीय ओळख पटली ती मलबारातून. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध करविला. त्यात ही वनस्पती 'काटु-इंदेल', म्हणजे रानटी खजुरी, या नावाने आली आहे. या ग्रंथाच्या सिद्धतेत रंगभट, विनायक पंडित व आपूभट या तीन कोंकणी वैद्यांचा हातभार होता आणि त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र ग्रंथाच्या आरंभी छापलेले आहे, ही गोष्ट महाराष्ट्रीय वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने 'फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस' हे नाव रूढ केले. त्याचा अर्थही 'रानातली खजुरी' एवढाच. म्हणजे आज रोपवाटिकेत ज्या परदेशी नावाचा तोरा मिरविला जातो, ते नाव या झाडाला रानटीच म्हणते!

मराठीत मात्र या झाडाची एक विलक्षण पंचाईत झाली. द्राक्षाच्या वेलाला कोणी मद्य म्हणत नाही, उसाला कोणी दारू म्हणत नाही. परंतु शिंदी हे झाडाचेही नाव आणि त्याच्या आंबलेल्या रसाचेही नाव! त्यामुळे पेयाची सारी बदनामी झाडाच्या माथी बसली. शिंदीच्या झाडाखाली बसून दूध जरी प्याले तरी लोक ते दूध मानणार नाहीत, अशा अर्थाची म्हण खेड्यापाड्यांतून सर्रास ऐकू येते. कुलीन घराच्या आवारात शिंदी लावण्याची कल्पनाही पूर्वी कोणास सुचली नसती.

तथापि ज्या घराच्या दारी शिंदीला जागा नव्हती, त्याच घराच्या देव्हाऱ्यासमोर तिला वर्षातून एकदा हळदकुंकू वाहिले जात असे, आणि आजही वाहिले जाते. आश्विन अमावास्येला लक्ष्मीपूजनाच्या वेळी जी नवी केरसुणी पाटावर मांडतात, ती बहुधा शिंदीच्या पानांची असते. मातंग समाजातील कारागिरांनी हा व्यवसाय पिढ्यान्पिढ्या जतन केला. शिंदीच्या झावळ्या कापून आणाव्या, वाळवाव्या, त्यांची पाती बारीक चिरून विंचरावी आणि मुठीशी घट्ट आवळून बांधावी. हे काम दिसते तितके सोपे नाही. झावळीच्या देठाकडील पात्यांचे सुईसारखे काटे झालेले असतात आणि त्यांनी हातांची चाळण होते. केरसुणीखेरीज चटया, टोपल्या व दोर यांसाठीही या झाडाचा उपयोग होई. पाण्यावर झुकलेल्या झावळ्यांना सुगरण पक्षी आपले खोपे टांगीत. काट्यांमुळे सापास व मांजरास तेथवर पोहोचणे कठीण जाई. फळे लहान, बीच मोठी आणि गर नावाला. पण उन्हाळ्याच्या अखेरीस गुराख्याच्या पोरांना तेवढाही मेवा पुरे होत असे. सारांश, ओढ्याकाठची शिंदी कोणी लावली नव्हती, कोणी तिला पाणी घातले नव्हते, आणि तरीही ती गावाच्या संसारात अनेक वाटांनी शिरलेली होती.

या गरीब शिंदीची श्रीमंत बहीण म्हणजे अरबस्तानची खजूर. तिच्याशी महाराष्ट्राचा संबंध झाडाचा नव्हता, तर फळाचा. बसरा व मस्कत येथून निघालेली अरबी गलबते खजूर व खारीक घेऊन मुंबई बंदरास लागत. तेथून तो माल घाट चढून देशावर येई. ओटीत खारीक, बाळंतिणीच्या खिरीत खारीक, उपवासाला खजूर, अशा रीतीने हे परके फळ घरोघरी आप्त होऊन बसले. मग परसात टाकलेल्या एखाद्या बीला कोंब फुटे, आणि घरातील मंडळी मोठ्या आशेने त्याला पाणी घालू लागत. झाड वाढे, दिसे मोठे देखणे. परंतु खजूर काही हाती लागत नसे.

याची कारणे दोन. पहिले असे की खजुरीत नर व मादी ही झाडे निराळी असतात. बीपासून उगवलेल्या रोपांत सुमारे निम्मे नर निघतात, आणि कोणते रोप कोणत्या जातीचे हे फुलोरा येईपर्यंत समजत नाही. मादी निघाली तरी शेजारी नर नसेल तर फळ धरत नाही. इराकातील बागवान म्हणूनच नराच्या फुलोऱ्याचे तुरे कापून मादीच्या फुलोऱ्यात हाताने बांधतात, आणि ही विद्या त्यांना हजारो वर्षांपासून अवगत आहे. दुसरे कारण हवेचे. खजुरीचे पाय पाण्यात आणि मस्तक आगीत असावे, असे अरब लोक म्हणतात. फुलोऱ्यापासून फळ पिकेपर्यंत तिला पाच-सहा महिने कडक, कोरडे ऊन लागते. आपल्याकडे फाल्गुनाच्या सुमारास फुलोरा आला, तर फळ रंगात येण्याच्या वेळीच मृग नक्षत्र दारात उभे असते. पावसाच्या सरींखाली फळे फुटतात, आंबतात आणि गळून पडतात. साताऱ्याची हवा झाडाला मानवते, फळाला मानवत नाही.

ही गोष्ट अनुभवाने कळण्यापूर्वी एका परोपकारी डॉक्टराने मोठी आशा बाळगली होती. १८७६ ते १८७८ या वर्षांतील भीषण दुष्काळाने दक्षिणेत हाहाकार उडविला. सातारा जिल्ह्याचा पूर्व भागही त्यात होरपळला. या अनुभवानंतर लखनौ येथील डॉक्टर इमॅन्युएल बोनाव्हिया यांनी हिंदुस्थानात जागोजागी खजुरी लावाव्या असा आग्रह धरला, आणि १८८५ मध्ये या विषयावर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की ज्वारी-बाजरीचे पीक एका वर्षाच्या पावसावर अवलंबून असते. खजुरीची मुळे खोल जातात. म्हणून ज्या वर्षी धान्य बुडेल त्या वर्षीही खजुरी अन्न देईल. हेतू उदात्त होता, परंतु निसर्गाने त्यास मर्यादा घातली. पुढे पंजाबात लायलपूर येथील कृषिशास्त्रज्ञ मिल्न यांनी परदेशी वाणांचे पद्धतशीर प्रयोग केले व १९१८ मध्ये आपला ग्रंथ सिद्ध केला. मुलतानकडील कोरड्या हवेत खजुरीला यश होते. दख्खनच्या पावसाळ्यात नव्हते. कच्छमधील बागाईतदारांनी यावर उपाय शोधला तो असा, की फळ पूर्ण पिकू न देता पिवळे, कुरकुरीत असतानाच पावसाआधी उतरवायचे. अलीकडे महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातही काही शेतकऱ्यांनी याच रीतीने खाण्याजोगा 'बर्ही' वाण, प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढविलेली रोपे आणून, लावून पाहिला आहे. बोनाव्हियांच्या स्वप्नाचा तेवढाच अंश उशिरा का होईना फळाला आला म्हणावयाचा.

जेथे हवा सौम्य असल्यामुळे फळ पिकत नाही, तेथे झाड केवळ शोभेसाठी वा विधीसाठी लावावे, हा मार्ग युरोपातील भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याने पूर्वीच चोखाळला होता. इटलीतील बोर्डिगेरा या गावी खजुरीची जुनी बने आहेत. तेथे खजूर धड पिकत नाही. पण ईस्टरपूर्वीच्या रविवारी ख्रिस्ती लोक ज्या झावळ्या हाती धरतात, त्या या भागातून रोमला जातात. त्याविषयी एक आख्यायिका सांगतात. १५८६ मध्ये रोम येथे सेंट पीटरच्या प्रांगणात एक प्रचंड इजिप्शियन स्तंभ उभा करण्यात येत होता. त्या वेळी कोणी तोंडातून शब्द काढू नये, काढील त्यास देहान्ताची शिक्षा, अशी पोपची आज्ञा होती. स्तंभ अर्धा वर गेला आणि दोर तापून तुटण्याच्या बेतात आले. तेव्हा गर्दीतील ब्रेस्का नावाचा एक खलाशी प्राणावर उदार होऊन ओरडला, 'दोरांवर पाणी ओता!' पाणी ओतले, दोर आवळले, स्तंभ उभा राहिला. पोपने त्याला शिक्षा करण्याऐवजी बक्षीस म्हणून झावळ्या पुरविण्याचा मान त्याच्या घराण्यास दिला. कथा खरी असो वा रचलेली, फळावाचूनही झाडाला प्रतिष्ठा मिळू शकते एवढे तिच्यावरून दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅनरी बेटांतील खजुरी आली. तिचे खोड हत्तीच्या पायासारखे जाड, झावळ्या पंधरा-वीस फूट लांब आणि माथा छत्रासारखा भरगच्च. नीस आदी शहरांचे रस्ते या झाडांनी सजले आणि पाहता पाहता जगभरच्या विलासी नगरांची ती खूण होऊन बसली. तिकडे लाओस-व्हिएतनामच्या नदीकाठांवरून आलेली, कमरेएवढी नाजूक 'रोबेलिनी' कुंड्यांतून घराघरांत शिरली. हिंदुस्थानातील इंग्रजी अमदानीतही विलायती वृक्षांची हौस वाढली होती. पुण्याजवळ दापोडी येथे १८२८ मध्ये सरकारी वनस्पतिबाग निघाली, १८७३ मध्ये गणेशखिंडीची बाग निघाली, आणि दूरदूरच्या देशांतील झाडे तेथून पसरली. बंगल्यांच्या आणि कचेऱ्यांच्या दारी क्यूबाकडील गुळगुळीत खोडाचे राजताड ओळीने उभे राहिले. ओढ्याकाठच्या शिंदीकडे मात्र शोभेच्या दृष्टीने कोणी पाहिले नाही. तिच्याकडे सरकारची नजर वळली होती ती निराळ्याच कारणाने.

१८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले. सांगली संस्थान पटवर्धनांकडे १९४८ पर्यंत राहिले. परंतु साताऱ्याचा मुलूख इंग्रजी कायद्याखाली आला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताड-माड-शिंदीचा रस काढणे परवान्याखाली आणले व झाडांवर कर बसविला. त्या कायद्याच्या व्याख्येत आंबलेला रस आणि न आंबलेला रस यांत भेदच नव्हता, दोन्ही ताडीच. वस्तुतः हा भेद फार मोठा आहे. रात्री चुना लावलेल्या मडक्यात जमलेला ताजा रस, म्हणजे नीरा, मधुर व निर्मळ असते. तीच नीरा चुन्यावाचून राहिली आणि सूर्य वर आला, की काही तासांत आंबून मादक होते. कायद्याने हा पहाटेचा व दुपारचा फरक पुसून टाकला. रस गोड आहे की कडू याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हते; कर भरला की नाही एवढेच पाहावयाचे होते.

रस काढण्याची रीत अशी की माथ्याखाली खोडाचा एक भाग तासून त्यास खाच पाडावी आणि तीखाली मडके बांधावे. पुढील हंगामात खाच विरुद्ध बाजूस. झाड जसजसे उंच होते तसतशा या खाचा खाली राहतात, आणि शिंदीची जखम भरून येत नसल्यामुळे खोडाला नागमोडी, दातेरी आकार येतो. जुन्या शिंदीच्या अंगावरील या खाचा मोजल्या तर तिने किती हंगाम रस दिला याचा हिशेब लागतो. सरकारी दप्तरातील कर आणि खोडावरील खाचा, दोहोंचा ताळा एकच.

अशा स्थितीत दारूबंदीच्या चळवळीचा रोख झाडाकडेच वळला, यात नवल नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी गांधीजींनी गुजरातेत ताडीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम दिला. हेतू दुहेरी होता: व्यसनाचे मूळ तोडणे आणि सरकारच्या उत्पन्नाचे मूळ तोडणे. सातारा जिल्ह्याच्या शेजारी सोलापुरास या कार्यक्रमाला जे वळण लागले ते महाराष्ट्र विसरू शकणार नाही. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाल्याची वार्ता पसरताच गिरणगाव खवळून उठले. ८ मे १९३० रोजी लोकांचा समुदाय रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडण्यासाठी गेला. पोलिसांनी काहींना पकडले, लोक त्यांच्या सुटकेसाठी अडून बसले, आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात बळी पडला. पुढे प्रक्षोभात पोलीसही मारले गेले. काही दिवस शहराचा कारभार जणू लोकांच्याच हाती होता. नंतर लष्करी कायदा पुकारण्यात आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांवर खटला होऊन १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास त्यांना फाशी देण्यात आली.

त्याच वर्षी आजच्या सांगली जिल्ह्यातील शिराळा भागात बिळाशी येथे जंगल सत्याग्रह झाला. एकीकडे शिंदी, दुसरीकडे साग. झाडे निराळी, परंतु प्रश्न एकच. गावाच्या शिवारातील झाडावर सत्ता कोणाची? पुढे १९४२ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने साताऱ्याच्या खेड्यांतून जी व्यवस्था उभी केली, तिच्यातही दारूबंदीला मोठे स्थान होते. या साऱ्या लढ्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरातील भाकरी दारूच्या दुकानात जात होती, त्या बायकांना विचारले असते तर त्यांनी झाडावर दया करा असे खचित म्हटले नसते. तरीही इतिहासाने एवढे नमूद करावयास हवे, की झाडाचा स्वतःचा अपराध काहीच नव्हता. आंबविणारा मनुष्य, कर घेणारे सरकार आणि नाव एकच ठेवणारी भाषा, या तिघांचे पाप त्याच्या माथी आले.

हा विवेक गांधीजींच्याच परिवाराने पुढे दाखविला, हे विशेष. १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्या वर्तुळात गजानन नाईक यांनी ताड व शिंदी यांच्या ताज्या रसापासून गूळ करण्याच्या कामाला वाहून घेतले. झाड तोडावयाचे नाही, तर त्याच्या रसाला आंबू द्यावयाचे नाही, असा हा निराळा मार्ग. बंगालात हिवाळ्यातील खजुरीगुळाची परंपरा फार जुनी आहे; तेथे हे झाड मिष्टान्नाचे म्हणून मान्यता पावले, येथे मद्याचे म्हणून बदनाम झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, आणि त्याने मात्र नीरा व ताडी यांच्या व्याख्या वेगळ्या केल्या. एकाहत्तर वर्षांपूर्वीच्या कायद्याने जो भेद नाकारला होता, तो नव्या कायद्याने मान्य केला. शिंदीला मिळालेला हा पहिला न्याय होय.

त्याच वर्षी, १९४९ मध्ये, साताऱ्यापासून दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला, व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. पुढील काळात धरणे झाली, कालवे आले, ऊस वाढला, बांध अरुंद झाले. बांधावरील शिंदी अडचणीची वाटू लागली. नेमक्या याच सुमारास शहरांकडून तिला मागणी येऊ लागली, ती रसासाठी नव्हे, रूपासाठी. एरवी जे झाड उंच होण्यास पंधरा-वीस वर्षे घेते, ते एका दिवसात अंगणात उभे करता येते, हा शिंदीचा गुण व्यापाऱ्यांनी हेरला. तिची मुळे दोरखंडासारखी असून बुंध्याभोवती दाट जमतात. त्यामुळे मातीच्या गड्ड्यासह यंत्राने उपटून, झावळ्या आवळून बांधून ती दूरवर नेली तरी बहुधा जगते. ज्याच्या बांधावरून झाड गेले त्याच्या हाती थोडे पैसे पडतात. शहरात पोहोचेपर्यंत त्याची किंमत अनेक पटींनी वाढलेली असते.

शिंदीला अखेर मान मिळाला, म्हणून आनंद मानावा काय? ओढ्याच्या काठावर उभे राहून पाहिल्यास उत्तर तितके सरळ मिळत नाही. जेथून चार मोठी झाडे उपटली, तेथे चार मोठे खड्डे राहतात, आणि पहिल्याच पुरात काठ ढासळतो. सुगरणीच्या खोप्यांना फांदी उरत नाही. केरसुणी बांधणाऱ्याला झावळ्यांसाठी दूरच्या गावी जावे लागते, आणि बाजारात प्लॅस्टिकच्या झाडूशी सामना करावा लागतो. कुऱ्हाडीने झाड गेले काय आणि यंत्राने गेले काय, ओढ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. भेद एवढाच, की १९३० साली झाड तोडणाऱ्याने त्यासाठी तुरुंग पत्करला. आज नेणाऱ्यास पैसे मिळतात.

यात एक दुसरा धोकाही आहे, आणि त्याचा दाखला युरोपातच मिळतो. कोंकणातील नारळ-बागाईतदार ज्याला सोंड्या भुंगा म्हणतात, तो तांबूस किडा मूळचा आपल्या व आग्नेय आशियाच्या बाजूचा. मादी झाडाच्या जखमेत अंडी घालते, अळ्या आतून गाभा पोखरतात, आणि बाहेरून कळेपर्यंत कोंब कुजलेला असतो. शोभेच्या मोठ्या झाडांची देशोदेशी ने-आण सुरू झाली, तिच्याबरोबर हा किडाही प्रवासास निघाला. १९८० नंतरच्या दशकात तो आखाती देशांत पोहोचला, १९९० नंतर स्पेनमध्ये, आणि २००४ ते २००६ च्या सुमारास इटली व फ्रान्समध्ये. ज्या कॅनरी खजुरींनी भूमध्य किनाऱ्याची शोभा वाढविली होती, त्यांतील असंख्य झाडे त्याने उभ्या उभ्या मारली. उपटताना मुळांस व खोडास होणारी प्रत्येक जखम या भुंग्याला आमंत्रण असते. तेव्हा वाढलेले झाड विकत आणण्याचा सोपा मार्ग अखेर सर्वांनाच महाग पडण्याचा संभव आहे.

यावर उपाय साधा आणि जुना आहे: बी लावावे आणि वाट पाहावी. पावसाळ्याच्या तोंडाशी पिकून पडलेली शिंदीची फळे गोळा करावी, गर धुऊन काढावा, बिया दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून वाफ्यात उथळ पेराव्या. एक ते तीन महिन्यांत गवताच्या पात्यासारखे एकच पान वर येते. अमरकोशकाराचा 'तृणद्रुम' शब्द तेव्हा डोळ्यांनी पाहावयास मिळतो. बी मात्र ओढ्याकाठचे घ्यावे. ज्या बागेत नाना जातींच्या खजुरी जवळजवळ आहेत तेथील बीपासून बहुधा संकर निघतो व रूप भरवशाचे राहत नाही. रोप खोल पिशवीत दीड-दोन वर्षे सांभाळून पावसाळ्यात जागी लावावे. ऊन भरपूर हवे आणि पाणी मुळाशी तुंबता कामा नये; काळ्या भारी जमिनीत खड्ड्यात मुरूम मिसळावा. दोन झाडांत पंधरा फूट अंतर ठेवावे, आणि काट्यांमुळे ते पायवाटेपासून दूर असावे. हिरवी झावळी शोभेसाठी तासू नये. वाळलेली तेवढी काढावी. पहिली काही वर्षे झाड जणू वाढतच नाही असे वाटते. त्या काळात ते जमिनीखाली आपला बुंधा बांधीत असते. एकदा तो सिद्ध झाला, की खोड वर येऊ लागते, आणि मग दुष्काळातही ते सहसा मान टाकीत नाही.

सातारा-सांगलीच्या सौम्य हवेत अंगणाला शोभा आणणारे, थोड्या पाण्यावर जगणारे आणि या मातीचे असलेले असे दुसरे झाड शोधूनही सापडणे कठीण. तिला दारी आणण्यात काही गैर नाही. शंभर वर्षे उशिरा का होईना, तो मान तिचाच आहे. फक्त दाराची शोभा आणि ओढ्याचा काठ यांत एक निवडण्याची पाळी येऊ नये. येत्या लक्ष्मीपूजनाला पाटावरच्या केरसुणीला हळदकुंकू वाहताना, ती ज्या झाडाची झाली ते अजून आपल्या शिवारात उभे आहे काय, एवढी चौकशी घरोघर झाली आणि त्या पावसाळ्यात चार बिया मातीत गेल्या, तर शिंदीचे दैव खऱ्या अर्थाने पालटले असे म्हणता येईल.